फॉरमॅट मारण्याआधी पासवर्ड बदला

प्रश्न : घरातला संगणक आम्ही तिघं वापरतो. मी, यजमान आणि कॉलेजात जाणारा मुलगा. विंडोज ११ आहे, वेगळा अँटिव्हायरस कधी घेतलेला नाही. हल्ली पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात सारखे इशारे येतात, 'तुमच्या संगणकात ५ व्हायरस सापडले, लगेच साफ करा'. ब्राउझर उघडला की आमचं नेहमीचं पान न येता भलतंच सर्च इंजिन येतं. पंखा सतत घरघरतो. एकदा तर पडदाभर लाल सूचना आली, त्यात फोन नंबर होता आणि भोंगा वाजत होता. मी घाबरून बटण दाबून संगणकच बंद केला. मुलाने महागडा व्हिडिओ एडिटर 'फुकटात' मिळवून टाकला होता, पण त्याचा याच्याशी काही संबंध नाही असं तो म्हणतो. शेजारी म्हणतात, दोन-तीन अँटिव्हायरस टाका. भाचा म्हणतो, फॉरमॅट मारा. याच संगणकावर आमचे बँकेचे व्यवहार चालतात आणि वीस वर्षांचे फोटो आहेत. काय करू?

उत्तर : नमस्कार ताई,

त्या लाल पडद्यावरचा नंबर तुम्ही फिरवला नाहीत, हे फार उत्तम केलंत. तो व्हायरस नव्हताच, नुसतं एक वेबपान होतं. पडदाभर पसरायचं, भोंगा वाजवायचा आणि समोरच्याला फोन करायला भाग पाडायचं, एवढंच त्याचं काम. फोनवरचा माणूस गोड बोलून दुरून संगणक चालवायचं ॲप टाकायला लावतो, आणि खरं नुकसान तिथून सुरू होतं. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. पुन्हा असं पान आलं तर एस्केप कळ थोडा वेळ दाबून धरा. तरी हललं नाही तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, त्यातून ब्राउझर बंद करा. नंतर ब्राउझर उघडल्यावर 'मागची पानं परत उघडू का' असं तो विचारेल, त्याला नाही म्हणा. हो म्हटलंत तर भोंगा पुन्हा हजर!

शेजारी आणि भाचा, दोघांनीही तुमच्या सगळ्या तक्रारींना एकच दुखणं ठरवून टाकलंय. मला त्यात तीन-चार वेगवेगळ्या गोष्टी दिसतात आणि प्रत्येकीचा इलाज निराळा आहे. खरं सांगायचं तर कोपऱ्यातले इशारे आणि तो भोंगा यांची मला फारशी काळजी वाटत नाही. काळजी वाटते ती तुम्ही जाता जाता एका ओळीत उरकलेल्या व्हिडिओ एडिटरची. पण आधी सोपं निस्तरू.

कोपऱ्यातले इशारे म्हणजे चोराच्या उलट्या बोंबा. घरातल्या कुणीतरी कधीतरी एखाद्या संकेतस्थळावर 'अलाउ' दाबलेलं असतं. 'तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करायला अलाउ दाबा' किंवा 'व्हिडिओ पाहायला अलाउ दाबा' असं ते पान सांगतं आणि आपण दाबतो. त्याने त्या संकेतस्थळाला सूचना पाठवायची परवानगी मिळते, आणि मग ते खोटे इशारे धाडत राहतं. इशारा नीट पाहिलात तर त्यावर ब्राउझरचं आणि त्या संकेतस्थळाचं नाव बारीक अक्षरात सापडेल. ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये 'साइट सेटिंग्ज' किंवा 'साइट परमिशन्स'मध्ये जा, तिथे 'नोटिफिकेशन्स' उघडा. परवानगी मिळालेल्यांची यादी दिसेल. ओळखीची नसलेली सगळी नावं काढून टाका. बोंबाबोंब तिथल्या तिथे थांबते. यासाठी फॉरमॅट मारणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

भलतंच सर्च इंजिन येणं ही याच्या पुढची पायरी, पण तीही बहुधा ब्राउझरपुरतीच असते. हे काम साधारणपणे एखाद्या एक्स्टेन्शनचं, म्हणजे ब्राउझरला जोडलेल्या छोट्या प्रोग्रॅमचं असतं. पीडीएफ बदलून देणारं, कूपन शोधणारं, व्हिडिओ उतरवून देणारं, असलं काहीतरी. एक्स्टेन्शनची यादी उघडा आणि जे का ठेवलंय ते सांगता येत नाही ते काढा. मग सेटिंग्जमधून सर्च इंजिन आणि सुरुवातीचं पान पुन्हा हवं ते करा, किंवा ब्राउझरच रीसेट करा. यात दोन ठिकाणी लोक अडकतात. ब्राउझर एखाद्या खात्याशी जोडलेला असेल तर काढलेलं एक्स्टेन्शन सिंकमधून, म्हणजे सगळ्या उपकरणांवर एकच माहिती ठेवणाऱ्या सोयीतून, परत येऊ शकतं. म्हणून सफाई चालू असेपर्यंत सिंक बंद ठेवा. दुसरं म्हणजे, क्रोमच्या मेनूत तळाशी 'मॅनेज्ड बाय युअर ऑर्गनायझेशन' असं दिसतंय का ते पाहा. घरच्या संगणकाला कसली आली ऑर्गनायझेशन? काही अँटिव्हायरसमुळेही ती ओळ येते, पण तुमच्याकडे तो नाही. म्हणजे ती दिसली तर कुणीतरी ब्राउझरवर आपले नियम लादलेत आणि साध्या रीसेटने ते जाणार नाहीत. अशा वेळी मालवेअरबाइट्सचं ॲडडब्ल्यूक्लीनर हे छोटं, मोफत साधन उपयोगी पडतं. ते फक्त त्यांच्याच संकेतस्थळावरून घ्या.

पंख्याचं मात्र लगेच व्हायरसवर ढकलू नका. विंडोज अपडेट चालू असताना, फोटोंची अनुक्रमणी बनत असताना, किंवा नुसती धूळ साचली तरी पंखा घरघरतो. काहीही उघडलेलं नसताना टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूचा रकाना पाहा. कुठलं तरी अनोळखी नाव तासन्‌तास वर असेल, तर कुणीतरी तुमच्या विजेवर आभासी चलन कमवत असण्याची शक्यता आहे. असे काही प्रोग्रॅम टास्क मॅनेजर उघडताच गप्प होतात आणि तो बंद केला की पुन्हा जोमाने सुरू होतात. खिडकी उघडली की पंखा शांत, मिटली की घरघर, असं होत असेल तर संशयाला जागा आहे. एक पथ्य मात्र पाळा. यादीतली विचित्र नावं बघून काही पुसू नका. 'एसव्हीसीहोस्ट' हे नाव डझनावारी दिसेल, ते विंडोजचं स्वतःचंच आहे. त्यावर उजवं क्लिक करून 'ओपन फाइल लोकेशन' म्हटलं की पत्ता कळतो. खरा विंडोज फोल्डरातल्या सिस्टम३२ मध्ये राहतो. तेच नाव लावून कुणी टेम्प किंवा ॲपडेटा फोल्डरातून चालत असेल तर तो तोतया.

आता तो एडिटर.

मुलाला शांतपणे विचारा. रागावलात तर तो अर्धंच सांगेल आणि आपल्याला पूर्ण हवंय. विचारायचं ते असं : ती फाइल कुठून आणली? झिप फाइलला पासवर्ड होता का? टाकण्याआधी 'अँटिव्हायरस बंद करा' असं सांगितलं होतं का? एखाद्या पानाने विंडोज आणि आर ही बटणं दाबून, मग कंट्रोल-व्ही करून एंटर मारायला सांगितलं होतं का? हा शेवटचा प्रकार अलीकडे फार बोकाळलाय. पान 'तुम्ही माणूस आहात हे पडताळतोय' असं सांगतं, गुपचूप एक आज्ञा क्लिपबोर्डवर, म्हणजे कॉपी केलेलं जिथे राहतं तिथे, ठेवतं आणि ती आपल्याच हाताने चालवून घेतं. कुठलीही खरी पडताळणी असं करायला सांगत नाही.

यातल्या एकाही प्रश्नाला 'हो' आलं, तर घरात इन्फोस्टीलर, म्हणजे माहिती चोरणारा घातक प्रोग्रॅम (मालवेअर), येऊन गेला असं समजून चाला. 'येऊन गेला' असं मुद्दाम म्हणतोय. हा मालवेअर इशारे देत नाही, पंखा फिरवत नाही, बरेचदा फार वेळ थांबतही नाही. ब्राउझरमध्ये जतन केलेले पासवर्ड आणि कुकीज तो काही मिनिटांत उचलून पाठवून देतो, आणि काही तर नंतर स्वतःला पुसूनही टाकतात. म्हणून स्कॅनमध्ये काही सापडलं नाही तरी काही चोरीला गेलं नाही असं होत नाही. कुकीजचं विशेष लक्षात घ्या. तुम्ही एकदा लॉग-इन झालात की संकेतस्थळ तुम्हाला ओळखतं ते कुकीमुळे. ती कुकी दुसऱ्याच्या हाती लागली की त्याला बरेचदा पासवर्डही लागत नाही आणि ओटीपीही नाही, कारण दार तुम्ही आधीच उघडलेलं असतं.

भाच्याचं आणि माझं नेमकं इथे जमत नाही. तो म्हणतो, फॉरमॅट मारला की प्रश्न संपला. संगणकाचा संपेल, तुमच्या खात्यांचा नाही. बाहेर गेलेले पासवर्ड फॉरमॅटने परत येत नाहीत. म्हणून क्रम असा ठेवा.

आज, हे वाचून झाल्यावर, पहिली गोष्ट म्हणजे घरच्या संगणकाचं इंटरनेट तोडा. वायफाय बंद करा किंवा वायर काढा. मग मोबाइल हातात घ्या आणि त्यावरून पासवर्ड बदला. इंटरनेट आधी का तोडायचं, तर मोबाइलवर जतन केलेला नवा पासवर्ड सिंकमुळे आपोआप त्या संगणकातल्या ब्राउझरपर्यंत पोहोचतो. म्हणजे नवी किल्ली आपणच चोराला नेऊन देण्यासारखं. सुरुवात ई-मेलपासून करा, बँकेपासून नव्हे. बाकी सगळ्या खात्यांचे 'पासवर्ड विसरलात?'चे दुवे ई-मेलवरच येतात, तेव्हा ई-मेल ज्याच्या ताब्यात त्याच्या हाती सगळंच. पासवर्ड बदलल्यावर 'सगळ्या उपकरणांवरून लॉग-आउट' हा पर्याय शोधून वापरा, म्हणजे चोरलेल्या कुकीज निकामी होतील. तिथेच पर्यायी ई-मेल आणि फोन नंबर तुमचेच आहेत ना ते पाहा. मेल दुसऱ्या पत्त्यावर पाठवण्याचा एखादा नियम कुणी लावून ठेवलाय का, तेही पाहा. हे तपासायला बहुतेक जण विसरतात, आणि पासवर्ड बदलूनही पुढे महिनोन्‌महिने त्यांची मेल तिसऱ्याच माणसाला जात राहते.

मग बँक. नेटबँकिंगचा पासवर्ड बदला, गेल्या महिन्याभराचे व्यवहार ओळीने वाचा. ब्राउझरमध्ये कार्डाचा तपशील जतन केला असेल तर बँकेला सांगून कार्ड बदलून घ्या. अनोळखी व्यवहार दिसला तर वाट पाहू नका. कार्डाच्या मागे किंवा पासबुकावर छापलेल्या नंबरावर लगेच फोन करा. इंटरनेटवर शोधून सापडलेला नंबर वापरू नका, तिथेही भामटे बसलेले असतात. यजमानांची आणि मुलाची खातीही यात आली, कारण ब्राउझर तिघांचा एकच.

याच सुमारास 'तुमचा संगणक आमच्या ताब्यात आहे, कॅमेऱ्यातून तुमचं चित्रण केलंय, पैसे पाठवा' अशी मेल आली आणि तिच्यात तुमचा एखादा जुना पासवर्ड असला, तरी घाबरून पैसे पाठवू नका. असे पासवर्ड बहुतेक वेळा पूर्वी कुठल्या तरी संकेतस्थळावरून फुटलेल्या याद्यांतले असतात. 'हॅव आय बीन पोन्ड' या मोफत सेवेवर आपला ई-मेल पत्ता घालून तो कुठल्या यादीत होता ते पाहता येतं. ट्रॉय हंट यांनी ती २०१३ मध्ये सुरू केली.

खाती सुरक्षित झाली की मग संगणकाकडे वळा, आता घाई नाही. फोटो बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या. फक्त फोटो, व्हिडिओ आणि कागदपत्रं. कुठलाही प्रोग्रॅम किंवा सेटअप फाइल बरोबर नेऊ नका, आणि कॉपी झाली की डिस्क काढून ठेवा. त्याआधी फाइल एक्स्प्लोररमध्ये 'व्ह्यू'मधून फाइलनेम एक्स्टेन्शन्स दिसतील असं करा. विंडोज फाइलच्या नावाचं शेपूट लपवतं आणि त्याचा फायदा जुन्या काळापासून घेतला जातोय. मे २००० मध्ये जगभर पसरलेल्या 'आय लव्ह यू' या वर्मची फाइल बहुतेकांना साधं प्रेमपत्र वाटली, कारण नाव टीएक्सटीवर संपल्यासारखं दिसत होतं. त्यामागचं व्हीबीएस हे खरं शेपूट लपलेलं होतं. तुमच्या फोटोंत एखादा 'जेपीजी'नंतर 'ईएक्सई' लावून बसला असेल तर तो फोटो नाही.

मग स्कॅन. शेजाऱ्यांना सांगा की दोन-तीन अँटिव्हायरस एकत्र नांदत नाहीत. ते एकमेकांच्या पायात येतात, संगणक रांगायला लागतो आणि संरक्षण काही दुप्पट होत नाही. विंडोजमधला डिफेंडर घरासाठी पुरेसा आहे. फक्त तो शाबूत आहे का, ते पाहायला हवं. 'विंडोज सिक्युरिटी' उघडा, 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन'मध्ये 'मॅनेज सेटिंग्ज'वर जा आणि खाली 'एक्स्क्लूजन्स' पाहा. तपासणीतून वगळलेल्या जागांची ही यादी. तुम्ही काही घातलं नसेल तर ती रिकामी हवी. मालवेअर तिथे हळूच स्वतःचं नाव घालतो, आणि मग डिफेंडर रोज इमानेइतबारे स्कॅन करूनही त्याच्या वाटेला जात नाही. काही सापडलं तर ते काढा. मग इंटरनेट तेवढ्यापुरतं जोडून डिफेंडर अपडेट करा आणि 'स्कॅन ऑप्शन्स'मधला ऑफलाइन स्कॅन निवडा. संगणक रीस्टार्ट होऊन विंडोज सुरू व्हायच्या आत तपासणी होते, त्यामुळे लपून बसणाऱ्यांना लपायला जागा राहत नाही. साधारण १५ मिनिटं लागतात. त्यानंतर 'फुल स्कॅन' लावा आणि आपल्या कामाला लागा, त्याला तास-दोन तास सहज जातात.

दुसरं मत हवं असेल तर 'मायक्रोसॉफ्ट सेफ्टी स्कॅनर' घ्या. ते टाकावं लागत नाही, नुसतं चालवायचं, आणि उतरवून घेतल्यापासून दहा दिवसांनी ते बाद होतं, तेव्हा दर वेळी ताजंच वापरलं जातं. जोडीला 'इन्स्टॉल्ड ॲप्स'ची यादी तारखेनुसार लावून एडिटरच्या दिवशी आणखी काय काय आत शिरलं ते पाहा आणि काढा. टास्क मॅनेजरमधली 'स्टार्टअप ॲप्स' आणि नेटवर्क सेटिंग्जमधला 'प्रॉक्सी' (इंटरनेटची ये-जा मध्येच दुसऱ्या सर्व्हरमार्फत वळवणारी सोय) हेही बघून घ्या. घरच्या संगणकावर प्रॉक्सी सर्व्हरचा पत्ता हाताने भरलेला असायचं कारण नाही.

एवढ्यावर भागेल का? नुसती नोटिफिकेशन्स आणि एक्स्टेन्शनची भानगड असेल तर नक्की भागेल. पण एडिटर क्रॅक केलेला, म्हणजे परवान्याचं कुलूप तोडलेला निघाला, किंवा डिफेंडर चालू करूनही आपोआप बंद पडत असेल, काढलेली गोष्ट रीस्टार्टनंतर परत उगवत असेल, किंवा तुम्ही न बनवलेलं एखादं ॲडमिन खातं दिसलं, तर भाच्याचं ऐका. अशा संगणकावर पुन्हा बँकेचा पासवर्ड टाकायला मी कुणालाच सांगणार नाही. सफाई पुरी झाली का, हे विचारत रात्री जागण्यापेक्षा एक रविवार खर्ची घालावा.

सेटिंग्जमधल्या 'रिकव्हरी'त 'रीसेट धिस पीसी' आहे. त्यात 'रिमूव्ह एव्हरीथिंग' आणि मग 'क्लाउड डाउनलोड' निवडा, म्हणजे विंडोजची प्रत ताजी उतरते. याहून पक्कं हवं असेल तर दुसऱ्या, स्वच्छ संगणकावर मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून किमान ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर विंडोज घेऊन त्यावरून नव्याने टाका. मी दुसरा रस्ता घेईन. आधी एक काम विसरू नका. विंडोज ११ मध्ये डिस्क बरेचदा कूटबद्ध असते आणि अशा उलाढालीत बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या त्या कुलपाची, रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. ती साधारणपणे तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते, आधीच कागदावर लिहून ठेवा. काही मालवेअर फॉरमॅटनंतरही मदरबोर्डच्या चिपमध्ये टिकतात असं कुणी सांगेल. ते खोटं नाही, २०१८ मध्ये लोजॅक्स नावाचा तसा नमुना सापडला होता. पण ती हत्यारं निवडक लक्ष्यांवर वापरली जातात, फुकट एडिटरबरोबर वाटली जात नाहीत.

फोटो परत आणताना ती डिस्क डिफेंडरकडून तपासून घ्या. आणि पुढे फोटोंची एक प्रत अशा डिस्कवर ठेवा जी एरवी संगणकाला जोडलेलीच नसते. फाइली अडकवून खंडणी मागणारं रॅन्समवेअर आलं तर जोडलेली डिस्कही कुलूपबंद होते, म्हणून हा आग्रह. कधी फाइलींची नावं बदलून खंडणीची चिठ्ठी दिसलीच, तर आधी इंटरनेट तोडा. पैसे देण्याचा विचार करण्याआधी 'नो मोअर रॅन्सम' पाहा. युरोपोल, नेदरलँड्सचे पोलीस आणि सुरक्षा कंपन्यांनी २०१६ मध्ये सुरू केलेल्या या प्रकल्पात अनेक रॅन्समवेअरच्या किल्ल्या मोफत मिळतात. सगळ्यांच्या नाही, पण पाहायला पैसे पडत नाहीत.

संगणक नवा झाला की तिघांची खाती वेगळी करा, आणि ती तिन्ही 'स्टँडर्ड' ठेवा, तुमचंसुद्धा. ॲडमिनचं चौथं खातं फक्त काही टाकायचं असेल तेव्हासाठी, त्याचा पासवर्ड तुमच्यापाशी. मुलगा कुरकुर करेल. त्याला व्हिडिओ एडिटर खरंच हवाय, ते त्याच्याकडून काढून घेऊ नका. डाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती आहे, शॉटकट तर पूर्णच मोफत आहे, आणि दोन्ही त्याच्या क्रॅकपेक्षा चांगली चालतील. उतरवून मात्र बनवणाऱ्यांच्याच संकेतस्थळावरून घ्यायची. सर्चमध्ये सगळ्यात वर 'स्पॉन्सर्ड' लिहिलेला दुवा येतो, त्यावरून नको.